सोडत : नशीब, सरकार आणि हिशेब

मुंबईच्या फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर बसून ज्यांनी तरुणपणी तासन् तास गप्पा मारल्या, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते की या इमारतीच्या पायात लॉटरीचा पैसा आहे. शहराला टाउन हॉल हवा ही कल्पना सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८११ मध्ये मांडली. त्यासाठी सोडत काढून निधी उभा करायचे ठरले. पण पैसा पुरला नाही आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर उरलेला भार ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उचलला आणि १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. कलकत्त्यात तर १८१७ मध्ये खास लॉटरी कमिटी नेमली गेली. रस्ते, तलाव, चौक अशी शहराची कितीतरी कामे तिने तिकिटांच्या पैशातून केली आणि १८३६ मध्ये तिचा कारभार आटोपला.

पुढे १८४४ च्या पाचव्या कायद्याने सरकारची परवानगी नसलेल्या लॉटऱ्या बंद केल्या. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ आले, तेच आज भारतीय न्याय संहितेचे कलम २९७ आहे. राज्याच्या लॉटरीला वगळून, परवानगीवाचून लॉटरीचे कार्यालय चालवणे हा त्यात गुन्हा ठरतो. म्हणजे गेली पावणेदोनशे वर्षे आपल्याकडे सूत्र एकच आहे. खाजगी माणसाने केले तर पाप, सरकारने केले तर महसूल. हे सूत्र कसे चालते, त्यातला पैसा कोणत्या वाटेने कुठे जातो, आणि सोडत कागदावरून पडद्यावर आली तेव्हा नेमके काय बदलले, हे या लेखात पाहायचे आहे.

मी गणिताचा पदवीधर नाही, कायद्याचाही नाही. बारावीनंतर छापखान्यात खिळे जुळवायला लागलो आणि तिथेच वाचायला शिकलो, असे म्हटले तरी चालेल. कायदे, निकालपत्रे आणि संभाव्यतेची पुस्तके मी गरजेपोटी एकेक करून वाचली. त्या गरजेचे कारण लेखात पुढे येईल.

दोन प्रकारच्या सोडती

'सोडत' हा मराठी शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, महापालिकेच्या प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते. दुसरीकडे लॉटरीचीही सोडतच निघते. पद्धत सारखी दिसते, पण पहिल्या प्रकारात वस्तू आधीच असते आणि मागणारे जास्त असतात. कोणाला द्यायची हे ठरवताना माणसाचा हात मध्ये नको, म्हणून चिठ्ठी टाकायची. घर न लागलेल्याला भरलेली अनामत परत मिळते. इथे नशीब हे न्यायाचे साधन असते.

दुसऱ्या प्रकारात बक्षीस आधी नसतेच. ते हरणाऱ्यांच्या पैशातून तयार होते. कायद्याच्या भाषेत लॉटरीला तीन गोष्टी लागतात : बक्षीस, निव्वळ नशिबावर निकाल, आणि भाग घेण्यासाठी मोजलेली किंमत. यातली तिसरी गोष्ट काढली की जुगार उरत नाही. म्हणून एखादी योजना म्हणजे लॉटरी आहे का, असा प्रश्न पडला तर एवढेच विचारावे : जिंकणाऱ्याचे पैसे कोणाच्या खिशातून आले?

सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद लपवलेला नाही. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्याचा निकाल लागला. जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापाराच्या मूलभूत स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही, असे त्यात ठरले. १९९९ च्या बी. आर. एंटरप्रायझेस निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. राज्य सरकारने चालवली म्हणून लॉटरीचा जुगारपणा जात नाही, असे त्याने म्हटले. सरकारचा शिक्का खेळ प्रामाणिक असल्याची हमी देतो. खेळ निरुपद्रवी असल्याची हमी तो देत नाही.

द्यूताध्यक्षापासून वसंतराव नाइकांपर्यंत

सरकारने जुगार का चालवावा, याचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. जुगार एकाच जागी खेळला जावा, बाहेर खेळणाऱ्याला दंड व्हावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याने घ्यावेत, अशी ती व्यवस्था आहे. लोक खेळणारच आहेत, मग नजरेसमोर खेळू देत, हा त्यामागचा विचार. चोर ओळखायलाही ते सोयीचे, असे कौटिल्य सांगतो.

स्वतंत्र भारतात हाच युक्तिवाद जवळजवळ तसाच परत आला. केरळने १९६७ मध्ये खाजगी लॉटऱ्या बंद करून राज्याचा लॉटरी विभाग सुरू केला. तिकीट एक रुपयाचे, पहिले बक्षीस पन्नास हजारांचे, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १२ एप्रिल १९६९ ला, महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांना मटक्यापासून आणि बेकायदा जुगारापासून दूर ठेवणे हा तिचा एक उद्देश सांगितला गेला.

मटका तेव्हा गिरणगावाच्या रक्तात भिनला होता. त्याचे मूळ कापसात होते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतीचे आणि बंदचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे मटक्याचे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. भाव गेला, आकडा तेवढा राहिला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघत, पुढे पत्त्यांच्या कॅटमधून पाने निघू लागली.

मटक्याचा हिशेब साधा होता. शून्य ते नऊ यांपैकी एका आकड्यावर रुपया लावला तर लागल्यावर साधारण नऊ रुपये मिळत. दोन आकड्यांच्या जोडीला साधारण नव्वद. दहा शक्यता असताना नऊपट आणि शंभर शक्यता असताना नव्वदपट, म्हणजे शंभर रुपये फिरले की सरासरी नव्वद लोकांकडे परत जात आणि दहा चालवणाऱ्याकडे राहत. हा नव्वदचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज आहे.

कागदी तिकिटाची रचना

छपाईच्या धंद्यातल्या माणसाला लॉटरीचे तिकीट हा पाहण्यासारखा कागद वाटतो. मालिकेची अक्षरे, पाच-सहा अंकी क्रमांक, राज्याचे बोधचिन्ह, सहज नक्कल होऊ नये म्हणून बारीक रेघांची नक्षी आणि बारकोड. आमच्या छापखान्यात पावतीपुस्तकांना नंबर घालणारे यंत्र होते. एक नंबर दोनदा पडला किंवा एखादा गळला तर अख्खे पुस्तक रद्द करावे लागे. लॉटरीत ही शिस्त शेकडो पटींनी कडक लागते, कारण एकाच क्रमांकाची दोन तिकिटे निघाली तर सगळा डोलारा कोसळेल.

लॉटरी (विनियमन) कायदा, १९९८ हा या व्यवहाराचा कणा आहे. त्याच्या चौथ्या कलमात अटी आहेत. आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा एका अंकावर बक्षीस देता येत नाही. तिकिटावर राज्याची छाप आणि चिन्ह हवे. सोडत राज्याने स्वतः, राज्याच्या हद्दीत काढायची. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा व्हायचा. मुदतीत न मागितलेले बक्षीस सरकारचे होते. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नको आणि वर्षात सहापेक्षा जास्त बंपर नकोत. एका अंकाची मनाई का, हे आता सांगायला नको. तो सरळ मटकाच झाला असता.

आठवड्याला एकच सोडत या अटीतून वाट अर्थातच निघाली. सोमवारची लॉटरी एका नावाची, मंगळवारची दुसऱ्या. प्रत्येकीची सोडत आठवड्यातून एकदाच, पण दुकानात रोज निकाल. कायद्याचे अक्षर पाळले जाते आणि खेळणाऱ्याला एकही दिवस मोकळा जात नाही.

बक्षिसांची उतरंडही समजून घेण्यासारखी आहे. समजा, दहा मालिका आहेत आणि प्रत्येकीत एक लाख क्रमांक, म्हणजे दहा लाख तिकिटे. पहिले बक्षीस एका मालिकेतल्या एकाच क्रमांकाला, म्हणजे दहा लाखांत एकाला. छोटी बक्षिसे मात्र शेवटच्या चार अंकांवर असतात. चार अंकांचा एक क्रमांक निघाला की दहा लाखांतली शंभर तिकिटे बसतात. असे दहा क्रमांक काढले की हजार लोक जिंकतात आणि प्रत्येकाच्या गल्लीत बातमी जाते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती मी कागदावर मांडून पाहिली तेव्हा चकित झालो. निघालेल्या चार अंकांपैकी नेमके तीन जुळले आणि एक चुकला, अशी तिकिटे किती असतील? चारांपैकी कोणता अंक चुकावा याचे चार पर्याय, आणि त्या जागी नऊ चुकीचे अंक. चार गुणिले नऊ, छत्तीस. म्हणजे जिंकणाऱ्या प्रत्येक माणसामागे छत्तीस जण 'एका आकड्याने हुकलो' म्हणत घरी जातात. गणिताच्या दृष्टीने एका अंकाने हुकणे आणि चारही अंकांनी हुकणे यात काही फरक नाही. माणसाच्या मनाला मात्र पहिले 'जवळ आलो' असे वाटते, आणि उद्याचे तिकीट त्या वाटण्यावर खपते.

'ऑनलाइन' म्हणजे काय?

आज 'ऑनलाइन लॉटरी' म्हटले की डोळ्यांपुढे फोन येतो. २०१० च्या लॉटरी नियमांत मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने आहे. दुकानातल्या संगणकावर तिकीट तयार होते, खेळणारा आपले आकडे निवडतो, आणि त्याची निवड त्याच क्षणी मध्यवर्ती संगणकावर नोंदली जाते, अशी ती व्यवस्था. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई-ठाण्यात, पुण्यात, जिल्ह्याच्या गावांत एसटी स्टँडसमोर जी लॉटरी सेंटरे उघडली, ती ही.

तांत्रिकदृष्ट्या यात तीन गोष्टी बदलल्या. एक, आधीपासून छापलेला क्रमांक जाऊन खेळणाऱ्याची निवड आली. दोन, न विकलेल्या तिकिटांचा प्रश्न संपला. कागदी लॉटरीत बक्षीस कधी न खपलेल्या तिकिटावर पडू शकते, म्हणून काही बंपर योजनांत 'पहिले बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच' असे मुद्दाम छापावे लागते. तीन, छपाई, वाहतूक, विक्री आणि निकाल यांतले दिवस मिनिटांवर आले. नियमांनी एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला जास्तीत जास्त चोवीस सोडतींची मर्यादा घातली. पण ती मर्यादा राज्याला आहे, दुकानाला नाही. एका दुकानात चार राज्यांच्या योजना असतील तर गुणाकार वाचकांनीच करावा.

आता माझ्या गरजेचे कारण सांगतो. आमच्या छापखान्यात एक वयस्क मशीनमन होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मुळात गिरणीतले, संपानंतर छपाईत आलेले. हाताने कसबी, शाईची छटा नजरेने ओळखणारे. मटका ते अधूनमधून खेळत, पण चोरून. पोलिसांची भीती, बदनामीची भीती, आणि पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या मामींची भीती. मग आमच्या रस्त्यावर लॉटरी सेंटर उघडले. मामा दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊ लागले, मग चहाच्या वेळेला, मग मशीन धुवायला टाकून. भिंतीवर जुन्या निकालांचा तक्ता असे. तो ते वहीत उतरवून घेत आणि रात्री अभ्यास करत.

"अरे, तीन दिवसांत सत्ता फिरकलेला नाही. आज येणार म्हणजे येणार," ते मला सांगत.

"मामा, यंत्राला काय माहीत काल काय आलं होतं ते?"

"तू पुस्तकं वाच. आकड्याला पण पाळी असते."

एकदा मी जरा जोरात बोललो. तेव्हा ते जे म्हणाले ते मी आजवर विसरलेलो नाही. "मटक्याला पोलीस यायचे. इथं बोर्डावर सरकारचं नाव आहे. वाईट असतं तर सरकारनं काढलं असतं का?"

मामांची फंडाची रक्कम दीड वर्षात गेली. पुढे गावाकडची जमीनही भावाच्या नावावर झाली. मामी आम्हाला भेटायला आल्या तेव्हा त्यांनी एकच विचारले, "रोज वीस-तीस रुपये लावत होते म्हणे. मग एवढे कसे गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना मी या विषयात शिरलो.

दर आणि वेग

उत्तर वेगात होते. पुढची उदाहरणे मी सोपी करून घेतली आहेत.

समजा, एक आठवडी लॉटरी शंभरातले फक्त पन्नास रुपये बक्षिसांत वाटते, आणि एक झटपट खेळ मटक्यासारखे नव्वद परत देतो. वरवर पाहता दुसरा खेळ कितीतरी दयाळू. पण पहिल्यात माणूस आठवड्याला एकदा शंभर रुपये लावतो. सरासरी पन्नास गेले आणि आठवडा संपला. दुसऱ्यात परत आलेले नव्वद लगेच पुढच्या सोडतीला लागतात. नव्वदचे सरासरी एक्याऐंशी, मग बहात्तर रुपये नव्वद पैसे, असे चोवीस फेऱ्यांनंतर शंभरातले सरासरी आठ रुपये उरतात. एका दिवसात. हातात पुन्हापुन्हा पैसे येत असल्यामुळे आपण हरतो आहोत हे जाणवतही नाही. मामी म्हणत होत्या ते वीस-तीस रुपये सकाळी घरातून निघताना लावायचे होते. दिवसभरात मामांच्या हातून फिरलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट होती, आणि आतबट्टा त्या फिरलेल्या रकमेवर बसत होता.

म्हणून जुगाराचे माप घेताना परताव्याचा दर एकटा पुरत नाही. दोन सोडतींमधले अंतरही मोजावे लागते. आठवड्याचे अंतर म्हणजे माणसाला शुद्धीवर यायला मिळालेला वेळ. १९९८ च्या कायद्याने आठवड्याची अट घातली तेव्हा तो हे ओळखून होता. यंत्राने ते अंतर पुसले.

दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे प्रचंड बक्षिसाची, आकडे निवडायची लॉटरी. ४९ पैकी ६ आकडे निवडायचे, एवढा सोपा खेळ. ४९, ४८, ४७, ४६, ४५, ४४ यांचा गुणाकार करून, क्रम महत्त्वाचा नसल्यामुळे, ७२० ने भागायचे. उत्तर १,३९,८३,८१६. दर आठवड्याला एक तिकीट घेतले तर सगळ्या शक्यता एकेकदा घ्यायला सुमारे २ लाख ६८ हजार वर्षे लागतील.

इथे 'पाळी'चा भ्रमही तपासून घेऊ. ६ सप्टेंबर २००९ ला बल्गेरियाच्या लॉटरीत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे निघाले. चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, पुन्हा तेच सहा. चौकशी बसली, लबाडी सापडली नाही. गंमत अशी की पहिल्या वेळी हे सहा आकडे कोणीच लावले नव्हते. दुसऱ्या वेळी मात्र अठरा जणांनी आधीचाच निकाल लावला होता. यंत्राला आठवण नसते, माणसाला असते. आकडे निवडून जिंकण्याची शक्यता बदलत नाही. बक्षीस जिथे वाटून घ्यायचे असते तिथे निवडीने एवढेच बदलते की किती जणांबरोबर वाटावे लागेल. जन्मतारखा लावणारे सगळे एक ते एकतीसमध्येच घुटमळतात, त्यामुळे लागले तरी वाटेकरी जास्त.

शंभर रुपयांची वाट

तिकिटाच्या शंभर रुपयांतून कोण किती घेतो, हे तिकिटावर कधीच छापलेले नसते. एक वाटा मात्र नक्की सांगता येतो. वस्तू व सेवा कर आधी राज्याच्या आणि राज्याने अधिकृत केलेल्या लॉटरीला वेगवेगळा होता. १ मार्च २०२० पासून दोन्हींना २८ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. कर तिकिटाच्या छापील किमतीत धरलेला असतो. म्हणून शंभराच्या तिकिटात मूळ मूल्य ७१ रुपये ४३ पैसे आणि कर २८ रुपये ५७ पैसे. सोडत निघण्याआधीच एवढे वजा. बक्षिसाची रक्कम वगळून कर आकारावा, ही वितरकांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फेटाळली. उरलेल्या रकमेतून बक्षिसे, विक्रेत्याचे कमिशन, वितरकाचा वाटा, छपाई, जाहिरात आणि शेवटी राज्याचा नफा.

जिंकणाऱ्यालाही सगळे मिळत नाही. लॉटरीच्या बक्षिसावर प्राप्तिकर ३० टक्के, त्यावर उपकर, मोठ्या रकमेवर अधिभार. कोणतीही वजावट नाही. हरलेल्या तिकिटांचा खर्चही वजा करता येत नाही. केरळच्या २०२२ च्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस २५ कोटींचे होते, तिकीट पाचशेचे. त्यातून एजंटाचे दहा टक्के, म्हणजे अडीच कोटी गेले. उरलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के, म्हणजे पावणेसात कोटी कापले गेले. हातात आले १५ कोटी ७५ लाख, आणि अधिभार-उपकर पुढे भरायचाच होता.

राज्याचा नफा चांगल्या कामाला लागतो, हे खरे आहे. केरळने २०११ मध्ये 'कारुण्य' लॉटरी काढून तिचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी लावले. पोर्तुगालमध्ये तर १७८३ पासून लिस्बनची सांता कासा ही धर्मादाय संस्थाच लॉटरी चालवते. पण आजारी गरिबाचा खर्च कोणी भरला, असे विचारले तर उत्तर बहुतेकदा 'न जिंकलेल्या दुसऱ्या गरिबाने' असे येते. आणि मधल्या वाटेवर किती पैसा थांबतो, याची एक झलक मार्च २०२४ मध्ये दिसली. निवडणूक रोख्यांची यादी जाहीर झाली तेव्हा सर्वाधिक, १,३६८ कोटींचे, रोखे घेणारी कंपनी लॉटरी वितरणाच्या धंद्यातली निघाली.

चेंडू, सांकेतिक ओळी आणि भरवसा

सोडत प्रामाणिक आहे हे कसे ओळखायचे? जुन्या पद्धतीत चेंडू उघड्या यंत्रात फिरतात आणि पंचांसमोर निकाल लागतो. तिथेही लबाडी झालेली आहे. २४ एप्रिल १९८० ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ६६६ हा निकाल आला. चार आणि सहा सोडून बाकी चेंडूंत रंग भरून ते जड केले होते, म्हणून हलके चेंडूच वर आले. पण चेंडू हातात घेऊन वजन करता येते, आणि लबाडी उघडकीला आली.

संगणकाच्या आत चेंडू नसतात. यादृच्छिक आकडे तयार करणारी प्रणाली असते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांची मिळून लॉटरी चालवणाऱ्या संस्थेत सुरक्षेचे काम पाहणाऱ्या माणसानेच तिच्यात चोरओळी घातल्या. वर्षातल्या ठरावीक तारखांना, ठरावीक अटी जुळल्या की, येणाऱ्या आकड्यांचा अंदाज बांधता येई. २९ डिसेंबर २०१० च्या सोडतीचे सुमारे १.६५ कोटी डॉलरचे बक्षीस मागायला कोणी उजळ माथ्याने पुढे येईना, तेव्हा संशय वाढला. २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली. प्रणाली तपासणीतून पास झालेली होती, हे यात ध्यानात घ्यायचे.

फोनवरची लॉटरी

आता हातातल्या फोनकडे येऊ. परदेशी लॉटरीची तिकिटे घरबसल्या देऊ म्हणणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक तुमच्या वतीने तिथे तिकीट घेतो असे सांगतो. दुसरा तिकीट घेतच नाही. तुम्ही त्याच्याशी निकालावर पैज लावता, आणि मोठी रक्कम लागलीच तर द्यायला त्याने विमा काढलेला असतो, किंवा नसतो. अमेरिकेच्या पॉवरबॉलचे मोठे बक्षीस लागण्याची शक्यता २९,२२,०१,३३८ मध्ये एक आहे, हा भाग वेगळाच. आपला कायदा इथे स्पष्ट आहे. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून, कौशल्याचे असोत की नशिबाचे, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. आणि 'तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी कर भरा' असा निरोप आला तर एवढे पुरे : न घेतलेले तिकीट लागत नाही, आणि सरकार बक्षिसावरचा कर बक्षिसातून कापून घेते, आधी मागत नाही.

मग काय करावे?

बंदी हा एक मार्ग आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये लॉटरी बंद केली. १९९८ च्या कायद्याने राज्याला इतरांच्या लॉटऱ्या रोखता येतात, पण बी. आर. एंटरप्रायझेस निकालाप्रमाणे त्यासाठी आधी स्वतःची बंद करावी लागते. स्वतः विकायची आणि शेजाऱ्याला अडवायचे, हे चालत नाही. बंदीने सगळे खेळणारे थांबतात असा मात्र अनुभव नाही. मटका कधीच कायदेशीर नव्हता.

बंदी नको असेल तर निदान हिशेब उघडा हवा. माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही छापखान्यातल्या माणसाच्या आहेत. प्रत्येक तिकिटावर, बक्षिसाच्या आकड्याएवढ्याच टाइपात, ते लागण्याची शक्यता छापावी. त्याखाली शंभर रुपयांतले किती बक्षिसांत, किती करात, किती कमिशनात आणि किती राज्याकडे जातात ते छापावे. आणि दोन सोडतींमधले किमान अंतर नावाला नव्हे तर माणसाला लागू व्हावे. एका दुकानात, एका पडद्यावर दिवसाला किती सोडती, याला मर्यादा हवी.

औषधाच्या बाटलीवर मात्रा छापतात, सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात. लॉटरीच्या तिकिटावर राज्याचे बोधचिन्ह छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या चिन्हावर विश्वास ठेवून लोक पैसे लावतात, तेव्हा त्याच्या शेजारी खरा हिशेब छापायला दोन ओळींची जागा लागेल. तेवढी जागा तिकिटावर असते, हे मी अनुभवाने सांगतो.